गल्ल्यावर विचारतात तेच गूगलवर विचारतात
ऑनलाइन दुकान सुधारून घ्यायचं आहे अशा ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"साइट आहे हो आमची, पण तिच्यावरून काही येत नाही." आमच्या कार्यालयात बहुतेक बोलणी याच वाक्याने सुरू होतात. मग आम्ही समोरच फोनवर ती साइट उघडतो. वर दुकानाची स्थापना, मध्ये सरकणारी चित्रं, त्यावर 'दर्जा, विश्वास, परंपरा'. माल कुठे आहे ते शोधायला तीन ठिकाणी बोट लावावं लागतं आणि सापडलाच तर किमतीच्या जागी 'संपर्क साधा'. पुण्यात लक्ष्मी रोडवर दुकानात शिरलेल्या बाईंना साडी दाखवायच्या आधी आजोबांचा फोटो दाखवला, तर त्या शेजारच्या दुकानात जातील. फोनवर शेजारचं दुकान बोटभर अंतरावर असतं.

म्हणून आम्ही कामाची सुरुवात संगणकावर करत नाही. अर्धा दिवस तुमच्या गल्ल्याशेजारी स्टूल टाकून बसतो आणि गिऱ्हाईक जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरवतो. पुढचं सगळं काम त्या वहीवर चालतं.

एका हंड्याचं पान

तांबट आळीतल्या एका भांडेवाल्यांच्या साइटवर हंड्याचं पान होतं. पानाचं नाव 'प्रॉडक्ट १७'. मजकूर एवढाच: 'उत्कृष्ट दर्जाचा तांब्याचा हंडा. आजच खरेदी करा.' दुकानात त्याच हंड्याबद्दल आमच्यासमोर लोकांनी काय विचारलं? किती लिटरचा? रिकामा किती भरतो, म्हणजे वजनाला? आतून कल्हई लागते का? काळा पडतो का? हे ठोके नुसते शोभेचे का? कोथरूडला घरी पोचवाल का? एका आजींनी विचारलं, "नळाखाली बसेल ना, बेसिनमध्ये?" हा प्रश्न आम्हाला कार्यालयात बसून सात जन्मांत सुचला नसता.

नवीन पानाचं नाव झालं 'तांब्याचा हंडा, १२ लिटर, हाताने मठारलेला'. खाली वजन, तोंडाचा व्यास आणि उंची, तीही इंच आणि सेंटिमीटर दोन्हींत, कारण बेसिन मोजणारा माणूस टेप घेऊनच उभा असतो. मग साध्या भाषेत लिहिलं: पाणी साठवण्यासाठी आतून कल्हई लागत नाही, पण ताक, सार, लिंबू सरबत असं आंबट यात ठेवू नये. तांबं हवेने काळवंडतं, चिंच किंवा लिंबू-मीठ लावून घासलं की उजळतं. मठारल्याने, म्हणजे हातोडीचे ठोके दिल्याने, पत्रा कडक होतो, ठोके नुसते दिसण्यासाठी नाहीत. फोटो चार: समोरून, तोंडातून आत, बुडाचा, आणि एक ओट्यावर ठेवलेला. पांढऱ्या पार्श्वभूमीवर हंडा आणि लोटा सारखेच दिसतात, त्यामुळे तो ओट्यावरचा फोटो लागतोच.

शोधयंत्रासाठीचं काम म्हणतात ते यातच बरंचसं उरकतं. कुणी 'तांब्याचा हंडा १२ लिटर किंमत' असं शोधतं, कुणी 'कॉपर वॉटर पॉट', आणि बरेचजण मराठीच शब्द रोमन लिपीत टाइप करतात. हे सगळे शब्द पानात कोंबायचे नाहीत. एकच शब्द पंचवीस वेळा लिहिणं गूगलच्या नियमांत बसत नाही आणि वाचणाऱ्यालाही उबग येतो. हंड्याला इंग्रजीत काय म्हणतात ते एकदा नैसर्गिकपणे आलं की पुरे. काहीजण अजूनही पानाच्या पोटात लपवलेल्या 'कीवर्ड'च्या यादीचे पैसे घेतात. क्रमवारी ठरवताना गूगल ती यादी बघत नाही, हे त्यांनी २००९ सालीच जाहीर केलं आहे.

जुना फॉन्ट आणि पोस्टरवरचा मजकूर

हा खास आपल्याकडचा घोळ आहे, म्हणून थोडं सविस्तर. छापखान्यात पत्रिका आणि कॅटलॉग वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत लावले गेले. तीच फाइल वेबवर चिकटवली की तुमच्या संगणकावर मराठी दिसतं, दुसऱ्याच्या फोनवर मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा. त्या फॉन्टांत मराठी फक्त दिसण्यापुरतं असतं, आत साठवलेली अक्षरं वेगळीच असतात आणि गूगल आतली वाचतं. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणावा लागतो. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण रफार आणि जोडाक्षरं नंतर डोळ्यांनी तपासावीच लागतात. 'दर्जा'चा 'दजार्' झालेला आम्ही पाहिला आहे.

दुसरी सवय व्हॉट्सअ‍ॅपची. दिवाळीचे दर, मापं, पत्ता, सगळं एका रंगीत चित्रात आणि तेच चित्र साइटवर. चित्रातली अक्षरं शोधात भरवशाने सापडत नाहीत. दर बदलला की चित्र नवं करावं लागतं, आणि चष्म्याशिवाय वाचता येत नाही ते वेगळंच. चित्र ठेवा, पण दर आणि मापं खाली अक्षरांत लिहा. प्रत्येक फोटोला त्यात काय आहे ते सांगणारी एक ओळ जोडता येते. अंध व्यक्तीचा फोन ती वाचून दाखवतो आणि गूगललाही तिच्यावरून फोटो कळतो.

फोटो जड, दुकान बंद

फोनच्या कॅमेऱ्यातला एक फोटो चार-पाच एमबीचा सहज असतो. पानावर असे ४० फोटो टाकले की दीड-दोनशे एमबी झाले. पेठेतल्या वाड्याच्या तळमजल्यावर, जिथे रेंज दोन काड्या, तिथे हे पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन येईल. तोच फोटो योग्य आकारात आणि वेबपी या वेबसाठीच्या हलक्या फोटो-प्रकारात केला की दीडशे केबीच्या आत बसतो, डोळ्यांना फरक कळत नाही.

गूगलची इथली मापं उघड आहेत. पानावरची सर्वांत मोठी गोष्ट अडीच सेकंदांच्या आत दिसावी. बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत काहीतरी हालचाल व्हावी. आणि पान भरताना मजकूर उड्या मारू नये. 'रद्द करा' दाबायला जावं आणि वरून जाहिरात सरकून 'खरेदी करा' दाबलं जावं, हा अनुभव तुम्हीही घेतला असेल. गूगल आता साइटचं फोनवरचं रूपच मोजतं, ते स्थित्यंतर २०२३ मध्ये पूर्ण झालं. त्यामुळे आम्ही नमुना दाखवतो तो फोनवर. कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर सगळंच छान दिसतं.

पैसे देण्याची पायरी

माल आवडला, पिशवीत टाकला आणि तिथून माणूस परत गेला, असं फार होतं. कारणं बहुधा तीन. आधी खातं उघडायची सक्ती. पाठवणीचा खर्च शेवटच्या पानावर कळणं. आणि आपल्या भागात माल येतो का, हेच न कळणं. पिनकोड टाकायची चौकट मालाच्या पानावरच हवी. खातं न उघडता खरेदी करता आली पाहिजे. यूपीआय आणि घरपोच रोख दोन्ही ठेवा. रोखीत परत येणाऱ्या पाकिटांचा त्रास आम्हालाही माहीत आहे, त्यासाठी ठरावीक रकमेपर्यंतच ती सोय देता येते.

इथे कायदाही आहे. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार दुकानाचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याची माहिती साइटवर लागते. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याच्या आत द्यायचा असतो. लहान दुकानात हा अधिकारी म्हणजे मालक स्वतः असले तरी नाव आणि फोन दिसायलाच हवा. संमतीच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण करून ठेवता येत नाही. नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या मांडणीचे १३ प्रकार दिले आहेत. खोटी घाई लावणं, न विचारता पिशवीत वस्तू घालणं, शेवटी छुपं शुल्क लावणं हे सगळं त्यात येतं. 'फक्त २ शिल्लक' असा फलक लावायचा, तर खरोखर दोनच असले पाहिजेत. खाद्यपदार्थ विकत असाल तर अन्नसुरक्षा परवान्याचा, म्हणजे एफएसएसएआयचा, १४ आकडी क्रमांकही द्या.

नकाशावरचं दुकान

पुण्यातच विकणाऱ्यांना साइटइतकाच उपयोग गूगलच्या मोफत व्यवसाय-नोंदीचा होतो. जवळची दुकानं दाखवताना गूगल तीन गोष्टी बघतं: शोधाशी जुळणं, अंतर आणि दुकानाची प्रसिद्धी. अंतर तुमच्या हातात नाही, बाकीचं थोडंफार आहे. नोंदीत दुकानाचं पाटीवर आहे तेच नाव घाला. नावापुढे 'पुण्यातील सर्वोत्तम स्वस्त भांडी' जोडलं तर नोंद स्थगित होऊ शकते. वेळ खरी लिहा. १ ते ४ बंद असेल तर तसंच लिहा, लोक विनोद करतील पण उन्हात कुलूप बघून शिव्या देणार नाहीत. अभिप्रायासाठी गिऱ्हाइकाला विनंती करा, सवलतीचं आमिष दाखवू नका, ते नियमांत बसत नाही. आणि त्या नोंदीतूनच फुकट तयार होणाऱ्या एका पानाच्या साइट गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. तुमच्या व्हिजिटिंग कार्डावर अजून तोच पत्ता छापलेला असेल तर कार्डं बदला.

आमचीही एक चूक

नवीन साइट तयार होत असताना ती गूगलमध्ये येऊ नये म्हणून आत 'नोंद घेऊ नका' अशी एक सूचना घालतात. एका ग्राहकाची साइट आम्ही सुरू केली, पेढे वाटले आणि ती सूचना काढायची विसरलो. जुनी साइट नावाने शोधली तरी सापडायची, नवी सापडेना. ग्राहकाचा फोन आला तेव्हा कळलं. त्यानंतर आमच्या भिंतीवर एक यादी लागली आणि त्यात ही सूचना पहिली आहे. दुसरी नोंद जुन्या पत्त्यांची: प्रत्येक जुनं पान त्याच्या नव्या पानाकडे कायमचं वळवायचं. माल संपला म्हणून पान पुसू नका. 'सध्या शिल्लक नाही, आल्यावर कळवू' असं लिहून ते राहू द्या.

काय कबूल करतो, काय नाही

'पहिला क्रमांक देतो, लेखी देतो' असं सांगणारे फोन तुम्हालाही येत असतील. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गूगलने लिहून ठेवलं आहे. बदलांचा परिणाम दिसायला साधारण ४ महिने ते १ वर्ष लागतं, असंही त्यांचंच म्हणणं आहे. आम्ही दर महिन्याला गूगल सर्च कन्सोलचा एक पानी हिशेब देतो: कोणत्या शब्दांवर साइट दिसली, किती जणांनी उघडली. सोबत दुकानाचा आकडा, म्हणजे त्यातून किती ऑर्डरी झाल्या. कधीकधी पहिला आकडा वाढतो आणि दुसरा जागचा हलत नाही. तेव्हा दोष बहुधा किमतीत किंवा फोटोत असतो, आणि तो आम्ही तोंडावर सांगतो.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी तपासा, आमच्याकडून काम करून घ्या वा न घ्या. साइटचं नाव, म्हणजे डोमेन, कुणाच्या ईमेलवर नोंदलेलं आहे? एका ग्राहकाचं नाव आधीच्या साइटवाल्याच्या खात्यात होतं, तो फोन उचलेना आणि बारा वर्षं पाकिटांवर छापलेला पत्ता नूतनीकरणाअभावी गेला. डोमेन, होस्टिंग (साइट जिथे ठेवलेली असते ती जागा), सर्च कन्सोल आणि नकाशावरची नोंद ही चारही खाती मालकाच्या ईमेलवर असावीत. आम्हाला त्यात फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्या.

पहिल्या भेटीला डोमेनची पावती, पाच चालणाऱ्या वस्तू आणि दोन न चालणाऱ्या वस्तू घेऊन या. गल्ल्यावर रोज बसणारी व्यक्ती सोबत आली तर फारच बरं. भेटीचे पैसे नाहीत, अंदाजपत्रक आठवड्यात लेखी मिळेल.