मूळ हॉर्नची ओळख (जुन्या स्पोर्ट्‌स मोटारी)

जुन्या स्पोर्ट्‌स मोटारीवर कारखान्यातून निघताना जे हॉर्न होते, त्याच जातीचे, त्याच सुराचे आणि त्याच काळात घडलेले हॉर्न शोधून ते पारखण्याची पद्धत. मोटारींच्या जीर्णोद्धारातले हे छोटे पण चिवट काम आहे. इंजिन व चासीचे क्रमांक कारखान्याच्या नोंदवहीत मिळतात. हॉर्नचा क्रमांक बहुधा मिळत नाही. त्यातच हॉर्न बसवलेला असतो गाडीच्या अगदी पुढे, पाणी, चिखल आणि पहिला धक्का खाणाऱ्या जागी. त्यामुळे साठ वर्षांच्या गाडीवर तिची मूळ जोडी शाबूत असणे हा योगायोगच.

सर्वाधिक घोळ ब्रिटिश गाड्यांत होतो. १९५० आणि १९६० च्या दशकांत जॅग्वार, एमजी, ऑस्टिन-हीली, ट्रायम्फ या सगळ्यांचे विजेचे सामान मुख्यतः बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीकडून येई. युद्धापूर्वी तिचे ‘अल्टेट’ हे चपट्या तबकडीचे हॉर्न मोटारींवर आणि मोटारसायकलींवरही दिसत. पुढे ‘विंडटोन’ आले. यांत पडद्यापुढे (थरथरून आवाज काढणाऱ्या पातळ तबकडीपुढे) शंखासारखी गुंडाळलेली नळी असते आणि आवाज त्या नळीतल्या हवेतून भरदार होऊन बाहेर पडतो. डब्ल्यूटी ६१४, डब्ल्यूटी ६१८ आणि नंतरचा ९एच ही याच घराण्यातली नावे. जॅग्वार एक्सके १२० ला ६१४ शोभतो; १९६० च्या दशकातल्या गाडीवर तोच दिसला तर तो कोणाच्या तरी अडगळीतून आलेला समजावा.

दोन हॉर्नची जोडी असते तेव्हा एक खर्जातला व एक वरचा असतो, आणि दोन्ही एकदम वाजतात. साधारण ४०० आणि ५०० हर्ट्‌झ, म्हणजे ४ ला ५ हे प्रमाण धरले जाते. गाणे शिकलेल्या कानाला हे लगेच कळेल: षड्ज आणि शुद्ध गंधार. खर्जाच्या हॉर्नची नळी लांब, म्हणून वेढा मोठा. शिवाय अंगावर एल (लो, खर्ज) किंवा एच (हाय, वरचा) हे अक्षर ठोकलेले असते. दोन एल किंवा दोन एच जोडलेल्या गाड्या प्रदर्शनांत सर्रास भेटतात. दिसायला जोडी, वाजायला एकच सूर. मात्र जोडी असायलाच हवी असेही नाही. एमजीए गाडीत दुसरा हॉर्न जादा पैसे मोजून घ्यायचा होता. त्यामुळे एकाच हॉर्नची एमजीए ‘अपुरी’ ठरवणारा परीक्षक स्वतःच चुकतो.

सूर ऐकून अस्सलपणा ठरवणे हा सर्वांत कच्चा मार्ग. हॉर्नमध्ये विद्युतचुंबक पडद्याला ओढतो, ओढला की पॉइंट (प्रवाह जोडणारी-तोडणारी टोके) उघडतात, प्रवाह तुटतो, पडदा परततो, पॉइंट पुन्हा मिळतात. हे सेकंदाला शेकडो वेळा घडते. पॉइंट झिजले की आवाज बसका आणि खरखरीत होतो. मागचा स्क्रू फिरवून ती झीज भरून काढता येते, पण त्याने मूळ सूर बदलत नाही. लुकासच्या दुरुस्ती-सूचनाही हेच सांगतात. उलट ब्रॅकेटचा बोल्ट सैल असला तरी चांगला हॉर्न घोगरा वाजतो. तेव्हा स्क्रूला हात लावण्याआधी पाना हातात घ्यावा.

खरा पुरावा शिक्क्यांत असतो. पत्र्यावर मॉडेलचे नाव, कंपनीचा भाग-क्रमांक आणि तारीख ठोकलेली असते. ‘१० ५८’ म्हणजे ऑक्टोबर १९५८. पुढच्या काळात महिन्याऐवजी आठवड्याचा आकडा येऊ लागला, आणि इथेच माणसे फसतात: ‘११’ हा नोव्हेंबर की अकरावा आठवडा, हे त्या वर्षीची पद्धत पाहूनच ठरवावे लागते. तारीख गाडी जुळवल्याच्या दिवसाच्या आधीची, पण फार आधीची नको; काही आठवडे ते काही महिने हे अंतर पटते. तारीख गाडीच्या नंतरची असेल तर सुटा भाग म्हणून विकत घेतलेला हॉर्न, मग त्यावरचा क्रमांक कितीही बरोबर असो. सुट्या भागांच्या पुस्तिकेवर एकटा विश्वास टाकू नये तो याचसाठी. उशिराच्या आवृत्तीत जुना क्रमांक काढून बदली क्रमांक छापलेला असतो, आणि भोळा मालक तोच मूळ समजून दाम मोजतो.

व्होल्टेजही पाहावे. पोर्शे ३५६ शेवटपर्यंत ६ व्होल्टची राहिली; तिच्यावर १२ व्होल्टचा हॉर्न बसवला तर तो कण्हतो, आणि उलट केले तर कॉइल जळते. पण बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले (धन-अर्थिंग) की ऋण टोक (ऋण-अर्थिंग), याने काही बिघडत नाही. १९६४ मध्ये जॅग्वार ई-टाइप ४.२ लिटर इंजिनासह आली तेव्हा तिची अर्थिंग उलटली, तरी चुंबकाला प्रवाहाची दिशा विचारायची नसते. विंडटोन जोडी मात्र बराच प्रवाह खाते, म्हणून ई-टाइपमध्ये लुकासचा ६आरए रिले (बटणाच्या थोड्या प्रवाहावर हॉर्नचा मोठा प्रवाह जोडणारा विजेचा स्विच) असे. हॉर्न अस्सल आणि रिले गायब, अशी अर्धवट गाडी जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही. बाह्यरूपात हे हॉर्न बहुधा काळ्या रंगाचे. क्रोमचा चकचकाट ही नंतरच्या मालकांची हौस.

इतर देशांची परंपरा वेगळी. जर्मन गाड्यांवर बॉशचे हॉर्न भेटतात. ती कंपनी १९२१ पासून ते बनवत आली. जनरल मोटर्सच्या कॉर्व्हेटवर डेल्को-रेमीचे. अमेरिकेत कॉर्व्हेट तपासणारे परीक्षक त्यांवरचे आकडे वाचतात. इटालियन स्पोर्ट्‌स गाड्यांत फियामचे कॉम्प्रेसरवर चालणारे हवेचे कर्णे लोकप्रिय होते.

भारतात ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनुसार व्हीए अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. गाडी मूळ स्वरूपात असावी ही त्यातली अट चासी, बॉडी आणि इंजिनाबद्दल आहे. हॉर्नचे सूर एकामागून एक वाजवणारी यंत्रणा मात्र १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत निषिद्ध आहे. विंडटोनचे दोन्ही सूर एकाच वेळी वाजतात, त्यामुळे ही जोडी त्या बंदीच्या बाहेर राहते.