रेल्वे मॉडेलच्या प्रदर्शनाला जाताय? बाहुलीघर आणि रूम बॉक्स (पेटीत मांडलेली छोटी खोली) करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

“आम्हाला गाड्यांत रस नाही,” असं आमचे बरेच ग्राहक म्हणतात. तरीही जा. गाडी पुढे गेली की रुळांच्या कडेचं गवत, गंजलेला पत्रा, भिंतीवरची ओल बघत राहा. परिसर जिवंत करण्यात ही रेल्वे मॉडेलवाली मंडळी आपल्या पुष्कळ पुढे आहेत.

आधी स्केल, म्हणजे खऱ्या वस्तूशी असलेलं मापाचं प्रमाण, पक्कं करा. आपलं बाहुलीघर बहुधा १:१२ चं, तर रेल्वे मॉडेलमध्ये सर्वाधिक चालणारं एचओ (HO) स्केल १:८७ चं. साडेपाच फुटी माणूस आपल्याकडे १४ सेंटिमीटरचा होतो, तिथे जेमतेम १९ मिलिमीटरचा. म्हणून तिथली दारं-खुर्च्या आपल्या घरात चालत नाहीत. १:४८ मध्ये काम करणाऱ्यांची मात्र चंगळ, कारण अमेरिकेतलं ओ स्केल नेमकं तेवढंच असतं. ब्रिटनमध्ये ओ म्हणजे १:४३.५, तेव्हा खोक्यावर नुसतं ‘ओ’ वाचून पैसे देऊ नका. झेड स्केलचं (१:२२०) चिमुकलं इंजिन १:१२ च्या मुलांच्या खोलीत खेळण्यातली गाडी म्हणून फार गोड दिसतं.

गवताचा हिशोब तर समजून घ्यावाच असा. स्टॅटिक ग्रास म्हणजे नायलॉनचे बारीक तंतू. विद्युतभारामुळे ते गोंदावर उभे राहतात. सहा मिलिमीटरचा तंतू एचओमध्ये गुडघाभर वाढलेलं रान होतो, तोच १:१२ च्या अंगणात सात सेंटिमीटरची हिरवळ. खडी चिकटवताना रेल्वेवाले फेविकॉल पाण्यात पातळ करून त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाकतात. मग गोंद वर थेंब धरून न राहता खड्यांमध्ये झिरपतो. आपल्या पायवाटांनाही हेच लागू.

लेआउटच्या, म्हणजे रूळ-घरांसकट मांडलेल्या देखाव्याच्या, मागच्या बाजूची घरं पुढच्यांपेक्षा लहान स्केलची असतात, त्यामुळे दोन हात खोल देखावा मैलभर लांबवर गेल्यासारखा भासतो. रूम बॉक्सच्या खिडकीबाहेर एचओचं एखादं घर लावून बघा!

पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. सुरुवात तिथूनच करा. मुलं-नातवंडं अमेरिकेत असतील तर मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्ट स्प्रिंगफील्डचं जानेवारीअखेरचं प्रदर्शन गाठा. हॅम्बुर्गच्या मिनिआटूर वुंडरलँडमध्ये ठरावीक वेळाने रात्र होते आणि घराघरांत दिवे लागतात. लायटिंग शिकायचं असेल तर ते बघाच.

मिलिमीटरची स्टीलची पट्टी आणि आपली एक बाहुली सोबत ठेवा. पाठीवरची सॅक पुढे घ्या, लेआउटला हात लावू नका, पण बनवणाऱ्याला बिनधास्त विचारा. गर्दी ओसरल्यावर ही माणसं मनापासून सांगतात.

काही आवडलं तर फोटो आणि मापं घेऊन दुकानात या. कोणत्या लांबीचा तंतू घ्यायचा, ते तुमच्या बेसच्या तुकड्यावर लावूनच ठरवू.