शब्दापलीकडचे ज्ञान : वादाची पार्श्वभूमी

शांतरक्षिताचा ‘तत्त्वसंग्रह’ हा आठव्या शतकातला बौद्ध ग्रंथ कमलशीलाच्या पंजिकेसह (टीकेसह) १९२६ साली बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये छापला गेला. जैन ग्रंथभांडारात त्याचे हस्तलिखित टिकून राहिल्यामुळेच हे शक्य झाले. त्यात शब्दब्रह्माची, म्हणजे शब्द हेच जगाचे मूळ तत्त्व या मताची, परीक्षा करणारे स्वतंत्र प्रकरण आहे. अनुभव भाषेपलीकडे जातो का, यावर आपल्याकडे किती बारकाईने भांडण झाले, हे त्यावरून कळते.

वादाच्या मुळाशी व्याकरणकार आणि तत्त्वज्ञ भर्तृहरी आहे. शब्दाचा पाठलाग नसलेली जाणीव जगात नाही, सारे ज्ञान शब्दाने जणू ओवलेलेच भासते, असे त्याचे ‘वाक्यपदीय’ सांगते. बौद्ध तर्कशास्त्रज्ञ दिङ्नागाने उलट बाजू घेतली : प्रत्यक्ष ज्ञानात नाव, जाती (वस्तूचा वर्ग) वगैरेंची कल्पना मिसळलेली नसते. मीमांसक कुमारिल हा बौद्धांचा कट्टर विरोधक, पण वस्तू दिसताच होणारे पहिले ज्ञान तान्ह्या मुलाच्या किंवा मुक्याच्या ज्ञानासारखे असते, हे त्यालाही मान्य होते. ऊस, दूध आणि गूळ यांच्या गोडीतला फरक सरस्वतीलाही सांगता येणार नाही, हे संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीचे वचन या संदर्भात आठवते. मात्र सांगता न येणे आणि शब्दाविना जाणवणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि दंडीच्या वचनाने पहिलीच सिद्ध होते.

तान्ह्या मुलाचा दाखला भर्तृहरीने आधीच हेरला होता. पूर्वीच्या शब्दसंस्कारामुळेच मूलही काय करायचे ते जाणते, असे त्याचे उत्तर. ते चतुर आहे, पण असा संस्कार गृहीत धरला की मत खोडून काढायला जागाच उरत नाही.

खुद्द बडोद्यात जानेवारी १९०८ मध्ये योगी विष्णु भास्कर लेले यांच्या मार्गदर्शनाखाली अरविंद घोष ध्यानाला बसले आणि तीन दिवसांत मन निःशब्द झाले, असे त्यांनी पुढे नोंदवले. त्याच अवस्थेत त्यांनी मुंबईत भाषणही केले. ही साक्ष मोलाची असली, तरी ती स्वतःपुरतीच.

बाहेरून तपासता येण्याजोगा पुरावा मेंदूविज्ञानाकडून आला. २००५ मध्ये रोझमेरी वार्ली आणि सहकाऱ्यांनी तीव्र वाचाघात (मेंदूला इजा होऊन भाषा हरपणे) झालेल्या तीन रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाने सिंहाला मारले की सिंहाने माणसाला, हे त्यांना वाक्यावरून उमगत नव्हते. पण वजाबाकीत कोणत्या संख्येतून कोणती वजा करायची हे कळत होते, कंसांची गणितेही सुटत होती. विचाराला वाक्यरचनेचा आधार दर क्षणी लागतोच असे नाही, एवढे यातून निश्चित होते. मात्र हे तिघेही आधी भाषा शिकलेले प्रौढ होते. त्यामुळे भर्तृहरीच्या संस्काराला या प्रयोगाने धक्का लागत नाही.