रियाज वेगळा आणि वाजवणं वेगळं

गणपती जवळ आले की आमच्या सिंधुदुर्गात वाडीवाडीत भजनाच्या तालमी सुरू होतात आणि मग पखवाज शिकणारी पोरं विचारतात, रोज रात्री दोन दोन तास हात चालतोय, आता घरी वेगळा रियाज कशाला? विचारणारच, कारण हात तेच, बोल तेच, बघणाऱ्याला फरक दिसतच नाही.

फरक कळतो तो हात चुकल्यावर. मंडळात चुकलात तर थांबायचं नसतं, बुवा गातायत, झांजा चालू आहेत, कसंही करून ठेका सावरायचा आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं. रियाजात चुकलं की तिथेच थांबायचं, कुठलं बोट उशिरा पडलं ते बघायचं आणि तेवढाच तुकडा परत घ्यायचा.

आता चौताल घ्या, 12 मात्रांचा, शेवट तिट कत गदि गन. बराबरीच्या, म्हणजे मूळ, लयीत हे बहुतेकांचं स्वच्छ येतं पण चौगुन (चौपट वेग) केली की गदिगनची अक्षरं एकमेकांत मिसळतात. भजनात झांजेच्या आवाजात ते खपून जातं आणि रोज खपलं ना की हाताला तेच बरोबर वाटायला लागतं, मग काढायला फार जड जातं. म्हणून तेवढा तुकडा वेगळा काढा, आधी तोंडाने म्हणा, मग मोबाईलवर मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टकटक करणारं ॲप) मिनिटाला 60 ठोक्यांवर लावून वाजवा, प्रत्येक अक्षर सुटं ऐकू आलं तरच 65, तुटलं तर परत 60. कंटाळा येतो हे खरंय, पण हात सुधारतो तो इथेच.

पण नुसता घरात रियाज करणाऱ्याचंही अडतं. डबलबारीत (दोन भजनी बुवांच्या सामन्यात) बुवा गजर कधी चढवतील, आलाप कुठे लांबवतील हे आधी कोण सांगणार? त्यांच्याकडे कान ठेवून वाजवणं मंडळात बसूनच येतं, मेट्रोनोम ते शिकवू शकत नाही. आणि चुकल्यावर थांबायची सवय बारीत घेऊन गेलात तर सगळ्यांचीच लय मोडते.

कामधंदा सांभाळून सकाळी अर्धा तास पुरतो असं माझं मत. पहिली 10 मिनिटं सावकाश, नुसता धा आणि ता मोकळा वाजतोय का बघत, पुढची 15 एकाच अवघड तुकड्याला (एकच हां, चार नाही), आणि शेवटची 5 मिनिटं न थांबता ठेका, मोबाईलवर रेकॉर्ड करून. पावसाळ्यात दमट हवेने चामडं सैल पडतं, पखवाज सुरात लावण्यातच वेळ जातो, त्यात धुम्याला (डाव्या तोंडाला) कणीक भिजवून लावायची म्हटलं की अर्ध्या तासासाठी कोण एवढं करणार असं वाटतं. अशा दिवशी पखवाज राहू दे, हातावर ताल धरून सगळे बोल मोठ्याने म्हणा, बराबरी, दुगुन, चौगुन. तोंडात अडखळणारा बोल हातातून स्वच्छ निघत नाही, त्यामुळे तो अर्धा तास फुकट जात नाही.

आणि रात्री तालमीत जिथे हात अडकला तो बोल घरी आल्यावर लगेच मोबाईलमध्ये लिहून ठेवा, सकाळची 15 मिनिटं त्यालाच द्यायची.