वाईचा बिहार कसा झाला : पार्श्वभूमी

चंपारणात जन्मलेल्या दिग्दर्शक प्रकाश झा यांनी आयुष्यभर बिहारच्या गोष्टी सांगितल्या, पण त्यातला बराचसा बिहार उभा राहिला तो सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या वाईत. १९८५ च्या 'दामुल'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तरी तो समांतर सिनेमा. नावाजलेले नट, गाणी, तिकीटबारीचा हिशेब हे सगळं त्यांच्या बिहारच्या गोष्टींत आलं 'मृत्युदंड'पासून (१९९७). वाईही तेव्हाच आली. मग २००३ मध्ये 'गंगाजल'.

बिहार सोडून वाई का, यावर वाद आहे. बिहारमधली त्या काळातली ढासळलेली कायदा-सुव्यवस्था, हे नेहमीचं उत्तर. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. मुंबईहून दिव्यांचे ट्रक रात्रीत वाईत पोचतात. एखादं यंत्र बिघडलं तर बदली दुसऱ्या दिवशी हाती येतं. उतरायला पाचगणी १२ किलोमीटरवर. शिवाय घाट, देऊळ, वाडा, बोळ आणि बाजार हे सगळं चालत जाण्याच्या अंतरात, त्यामुळे सामान न हलवता एका दिवसात दोन-तीन ठिकाणं उरकतात. पैसा वाचतो तो इथे.

फसवणूक मात्र नीट करावी लागते. पाट्या दोन्हीकडे देवनागरीच, म्हणून काम सोपं वाटतं. पण मागे कुठे 'ळ' दिसला की बिहार संपला. गाड्यांच्या एमएच ११ वर बीआरच्या पाट्या चढतात. गर्दीतल्या म्हाताऱ्यांच्या पांढऱ्या टोप्या उतरवून खांद्यावर गमछा द्यायचा, नऊवारी आजींना चौकटीबाहेर बसवायचं. सगळ्यात अवघड डोंगर. गंगेच्या मैदानात पांडवगड कुठून येणार? म्हणून कॅमेरा उंचावर ठेवून खाली झुकवायचा, म्हणजे क्षितिज कापलं जातं, किंवा लांब पल्ल्याची लेन्स लावून चौकट घरांनी भरून टाकायची.

घाटावरचं दुखणं वेगळं. पाणी धोम धरणाच्या हातात. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाळीने सोडलेलं पाणी, सुटलं की सोमवारी कोरड्या असलेल्या पायऱ्या बुधवारी पाण्याखाली, आणि एकाच प्रसंगाचे दोन तुकडे जुळत नाहीत. तारखा ठरवण्याआधी पाटबंधारे कार्यालयात चौकशी न करणारा व्यवस्थापक हमखास फसतो.

'गंगाजल' या शब्दाचा गुंता तर फार जुना. १९७९-८० मध्ये भागलपुरात पोलिसांनी तिसाहून अधिक संशयितांचे डोळे फोडून त्यात आम्ल ओतलं. त्या आम्लाला तिथे गंगाजल म्हणत. चित्रपटाने जिल्हा काल्पनिक घेतला, तेजपूर. तरी शीर्षक वाचताच बिहारी प्रेक्षकाला भागलपूर आठवणारच. प्रदर्शनाच्या वेळी मात्र ओरड झाली ती दुसऱ्याच गोष्टीवरून. खलनायकाचं नाव सत्ताधारी घराण्यातल्या एका नेत्याशी जुळलं आणि समर्थक रस्त्यावर आले. डोळ्यांचा मूळ प्रश्न त्या गोंगाटात मागे पडला, हे या चित्रपटाचं दुर्दैवच. वाईकरांना या शब्दाचा दुसराच अर्थ ठाऊक. दर बारा वर्षांनी गुरू कन्या राशीत आला की गंगा कृष्णेला भेटायला येते, ही इथली श्रद्धा. अलीकडचं कन्यागत २०१६ चं. कृष्णेला गंगा म्हणणं इथे कुणाला नवं नव्हतं.

पुढे झा यांनी मुक्काम भोपाळला हलवला: 'राजनीती' (२०१०), 'आरक्षण' (२०११), 'सत्याग्रह' (२०१३). सभा-मोर्चांच्या गोष्टींना रुंद रस्ते लागतात, ते वाईत नाहीत. पण तोवर वाट मळली होती. वाईशेजारच्या मेणवलीच्या घाटावर 'स्वदेस'मधलं (२००४) चरणपूर गाव झालं, वाईत 'दबंग'मधलं (२०१०) लालगंज. 'चेन्नई एक्सप्रेस'ला (२०१३) वाईतच तमिळनाडू हवा होता. तिथे 'ळ' खोडून भागण्यासारखं नव्हतं. लिपीच बदलायची होती.