कृपादाने

ख्रिस्ती श्रद्धेनुसार देवाने विश्वासणाऱ्याला दिलेली आणि मंडळीच्या, म्हणजे चर्चमधल्या श्रद्धावंतांच्या समुदायाच्या, कामी लावायची क्षमता. शिकवण्याची हातोटी, गाता गळा, हातातले कसब, हिशेबातला चोखपणा, आजाऱ्याजवळ न कंटाळता बसणे, हे सारे त्यात मोडते. क्षमता जन्मजात असो वा बाप्तिस्म्यानंतर उमललेली. ती स्वतःच्या मोठेपणासाठी नाही, एवढे मात्र सर्वच पंथ मानतात.

बायबलमध्ये यांची एकच ठरावीक यादी नाही. रोमकरांस पत्राच्या 12व्या अध्यायात सेवा, शिक्षण, दान आणि दया यांचा उल्लेख येतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 12व्या अध्यायात अन्य भाषा (आत्म्याच्या प्रेरणेने, न शिकलेल्या) बोलणे व रोग बरे करणे यांच्याच रांगेत साहाय्य करणारे आणि व्यवस्था पाहणारेही बसवले आहेत. डोळ्याने हाताला ‘तुझी गरज नाही’ म्हणू नये, हा या पत्रांचा लेखक प्रेषित पौल याचा दाखला तिथलाच. त्याहून जुना संदर्भ बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 31व्या अध्यायात सापडतो. तिथे देवाच्या आत्म्याने भरलेला म्हणून ज्याचे नाव घेतले आहे, तो बसालेल धातू, रत्ने व लाकूड घडवणारा कारागीर आहे.

नागपुरात या कल्पनेचे सर्वांत बोलके उदाहरण स्टीफन हिस्लॉप (1817–1863) यांचे. हे स्कॉटिश मिशनरी 1845 मध्ये भोसल्यांच्या राज्यात आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. प्रचारदौऱ्यावर असतानाही त्यांची नजर दगडांवर असे. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूरजवळच्या टाकळीच्या परिसरातून जीवाश्म गोळा केले आणि नागपूर राज्याच्या भूगर्भरचनेवर निबंध लिहिले. हिस्लॉपाइट या खनिजाला त्यांचेच नाव आहे. गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याची दीर्घ गोंडी गाथा त्यांनी उतरवून घेतली होती; त्यांची ही टिपणे ब्रिटिश प्रशासक रिचर्ड टेम्पल यांनी 1866 मध्ये प्रसिद्ध केली. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. धर्मोपदेशकाने दगडगोटे कशाला गोळा करावेत, असे वाटणे सोपे आहे; पण त्यांच्या कामात हे दोन कप्पे वेगळे काढता येत नाहीत. त्यांच्या नावाचे महाविद्यालय 1883 मध्ये सुरू झाले.

कवी नारायण वामन टिळकही काही काळ नागपुरात राहिले होते. 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांची काव्यशक्ती ख्रिस्ती कीर्तन व अभंगांकडे वळली. टाळ-मृदंगाच्या परंपरेतला हा गळा मराठी उपासनेत आजही ऐकू येतो.

संस्थाही आपापली देणगी घेऊन येतात. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्चपंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. अँग्लिकनांचे बिशप, प्रेस्बिटेरियनांचे वडील (मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ) आणि बाप्टिस्टांचा जाणत्या वयातल्या बाप्तिस्म्याचा आग्रह या तिन्हींना त्यात जागा ठेवावी लागली. बाळांचा बाप्तिस्मा आणि प्रौढांचा बाप्तिस्मा, दोन्ही रीती मान्य झाल्या.

रोजच्या व्यवहारात कृपादाने ओळखण्याचे काम पाळक, वडीलमंडळी आणि घरातली जुनी माणसे करतात. संडे स्कूल, तरुण संघ, महिला संघ आणि गायकवृंद ही त्याची नेहमीची ठिकाणे. कॅथलिक परंपरेत दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणाऱ्या) संस्काराशी पवित्र आत्म्याची सात दाने जोडली जातात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) सामान्य श्रद्धावंतांच्या देणग्यांवर अधिक भर आला. पेंटेकॉस्टल मंडळ्यांत अन्य भाषा आणि रोगमुक्ती यांना ठळक स्थान आहे, तर काही पंथ ही चिन्हे प्रेषितांच्या काळापुरतीच होती असे मानतात.

तक्रार मात्र सगळीकडे एकच. ज्याच्या हाती माईक, त्याचे दान सर्वांच्या डोळ्यांत भरते. उपासनेनंतर सतरंज्या गुंडाळणारा किंवा वर्गणीची वही नीट ठेवणारा कुणाच्या लेखीही नसतो. पौलाने व्यवस्था पाहणाऱ्यांना यादीत घेतले असले, तरी वार्षिक सभेत आभार बहुधा गायकांचेच आधी मानले जातात.