काउआईची मुलं

मराठीत बाई 'सोशिक' असते आणि पुरुष 'कणखर'. म्हणजे संकटातून कोण कसं सावरतं, याचा निवाडा भाषेनं परस्पर करून टाकलाय. संशोधकांना मात्र हा प्रश्न सुचायलाच वेळ लागला. त्यांचं लक्ष बरीच वर्षं मोडून पडलेल्यांकडेच होतं. न मोडलेल्यांची पद्धतशीर नोंद झाली ती हवाईतल्या काउआई बेटावर.

ऊस-अननसाचे मळे, आणि मळ्यांवर राबायला जपान, फिलिपिन्सहून आलेल्या मजुरांची वस्ती. १९५५ साली इथे जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी थेट चाळिशीपर्यंत काढला. सुमारे एकतृतीयांश मुलांची सुरुवातच वाकडी होती. गरिबी, अडलेलं बाळंतपण, बापाची दारू, आईचं मनाचं दुखणं, यांतली चार-चार ओझी दोन वर्षांच्या आतच डोक्यावर. त्यातली बहुतेक पुढे अडखळली. तरी ७२ जण धडधाकट वाढले: ४२ मुली, ३० मुलगे.

मुली कणखर, असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. पण नोंदी तशा सरळ नाहीत. पहिल्या दहा वर्षांत मुलगे जास्त कोलमडले, तर त्यानंतरच्या दहा वर्षांत मुली. पुढे तिशीपर्यंत घसरलेल्यांतले बरेच जण पुन्हा मार्गाला लागले, आणि त्यात बाया अधिक होत्या. अल्पवयात आई झालेल्यांपैकीही पुष्कळ जणी सावरल्या. आधार कसला होता? आजी, मावशी, एखादी शिक्षिका, असं निदान एक हक्काचं माणूस. घडण मात्र वेगळी. मुलींना स्वतंत्रपणे वागायला मोकळीक आणि पाठीशी एखादी खंबीर बाई लागली. मुलग्यांना घरात शिस्त, समोर एखादा कर्ता पुरुष आणि भावना बोलून दाखवायची मुभा. शेवटची गोष्ट आपल्याकडच्या 'मुलगा असून रडतोस?' या वाक्याशेजारी ठेवून पाहावी.

सावरण्याचा वयाशी काय संबंध, हा धागा समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांनी १९३० च्या दशकातल्या महामंदीत वाढलेल्या मुलांत शोधला. कॅलिफोर्नियात ओकलंडची मुलं १९२०-२१ च्या जन्माची, बर्कलीची १९२८-२९ च्या. घराची कमाई आटली तेव्हा ओकलंडची पोरं बाहेर कामं धरण्याएवढी मोठी होती. बर्कलीची अजून आईबापांवरच अवलंबून, आणि त्यातही मुलग्यांना झळ जास्त बसली. त्यांच्याच वयाच्या मुली आईला धरून राहिल्या आणि बऱ्याच निभावल्या.

प्रौढांत चित्र पुन्हा पालटतं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्क परिसरातल्या लोकांची पाहणी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज बोनानो आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडली. तीत स्थिर राहिलेल्यांत बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा कमी आणि पासष्टीपुढच्यांचं तरुणांपेक्षा बरंच जास्त निघालं. आता इथे मानसिक आघाताची लक्षणं मोजली होती, काउआईत आयुष्यं. दोन्हींना एकाच तराजूत घालून भांडण्यात अर्थ नाही.

शिवाय सावरण्याची ताकद मोजणाऱ्या प्रश्नावल्या आहेतच. वॅगनिल्ड आणि यंग यांची २५ विधानांची मापनपट्टी १९९३ ची. ती बेतली गेली २४ वयस्क बायकांच्या मुलाखतींवरून, मोठा घाव सोसून पुन्हा उभ्या राहिलेल्या बायकांच्या. पुढे हीच पट्टी किशोरवयीन मुलामुलींनाही लावली गेली.